बटण दाबण्याआधीचं अर्धं मिनिट

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून डायरी लिहायला घेतली आहे, कारण आज माझ्या छातीवर कॅमेरा बसवला. मी दिवसभर कुणाशी काय बोललो हे तो जपून ठेवणार असेल, तर माझी बाजूही कुठेतरी लिहिलेली असावी. इतकी वर्षं पोलिसात काढल्यावर माणसाला एवढं तरी कळतं, की एकाच बाजूचा जबाब घेऊन निकाल लावू नये.

कॅमेरा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आहे. चिमट्याने खिशाच्या वर लावायचा. कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. तक्रारदाराशी बोलायला सुरुवात करताना मोठं बटण दोनदा दाबायचं, लाल दिवा लागतो. बोलणं संपलं की तेच बटण दाबून धरायचं, दिवा हिरवा होतो. ड्यूटी संपली की कॅमेरा चौकीतल्या खोबणीत ठेवायचा, मग आतलं सगळं आपोआप उतरतं आणि त्यातलं काहीही कुणालाही पुसता येत नाही. पुढे तो बटण दाबण्याआधीच्या कसल्यातरी अर्ध्या मिनिटाबद्दल सांगत होता, पण तेवढ्यात माझा चिमटा निसटला आणि कॅमेरा पोटावरून घरंगळत थेट बुटावर पडला. सगळे हसले, साहेबही हसले. नियमावली तेवढी हसली नाही, ती लिहून घेत होती.

नियमावली म्हणजे आमच्या चौकीतली महिला हवालदार. तिला चौकीत दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही आणि तिचीही त्याला हरकत नाही, कारण टोपणनावांविरुद्ध नियम नाही असं तीच म्हणते. कॅमेऱ्यांचा सगळा कारभार साहेबांनी तिच्याकडे दिला आहे. म्हणजे आमचं कल्याणच झालं.

संध्याकाळी घरी आलो तर ही, म्हणजे माझी बायको, भांडी पुसून फडताळात लावत होती. पाठमोरीच म्हणाली, "दादांचा फोन आला होता. म्हणत होते, लग्नात त्याला गेटवर उभं करायला नको होतं, माझंच चुकलं." मी म्हटलं, असं का, उशिरा का होईना सुचलं. पण दोन घास जास्तच गेले.

संदर्भासाठी लिहून ठेवतो. दादा माझा सख्खा थोरला भाऊ. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी खास कोट शिवून गेलो होतो, अस्तर लावलेला. मुलीचा एकुलता एक काका. दादाने मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, "तू पोलिसात आहेस ना, मग जरा गेटवर गाड्यांचं बघ." आलेल्या माणसांनी माझा कोट पाहिला तो एका हाताने गाड्या मागे घेताना. मी न जेवता निघून आलो. ही पहाटेपासून त्यांच्याकडे राबत होती, तिलाही सोबत घेऊन आलो. वहिनींनी तिला साधं थांब म्हटलं नाही, ते तिलाही लागलं होतं. तेव्हापासून दादाचं माझं बोलणं बंद आहे. हिच्याशी मात्र तो फोनवर बोलतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज माझ्या कामाबद्दल लिहितो, कारण ते कुणीतरी कधीतरी लिहायला हवं होतं.

माझ्या हद्दीतली भांडणं कोर्टापर्यंत जात नाहीत. साहेब बदलले, ठाण्याचा रंग बदलला, पण ही गोष्ट बदलली नाही. लोकांना वाटतं माझ्या अंगात काही सिद्धी आहे. तसं काही नाही. भांडणाऱ्या दोघांनाही एकच वाक्य ऐकायचं असतं, की समोरच्याचं चुकलं आणि त्याला ते कळलं. ते वाक्य म्हणणारा कुणी नसतो. मग ते मी म्हणतो. याच्याकडे जाऊन सांगतो की तो फार खजील झालाय, त्याच्याकडे जाऊन सांगतो की हा आतल्या आत जळतोय. दोघेही मोठ्या मनाने माफ करतात आणि मी चहा पिऊन परत येतो. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. न झालेलं बोलणं पोचवणं म्हणतात.

आता छातीवर कॅमेरा. आज शिंपी आणि गाण्याच्या बाईंची तक्रार आली. शिंप्याचं दुकान खाली, बाईंची खोली बरोबर वर. बाईंच्या कुंड्यांचं पाणी शिंप्याने इस्त्री करून बाहेर टांगलेल्या कपड्यांवर पडतं आणि शिंप्याचं मशीन बाईंच्या शिकवणीच्या वेळात खडखडतं. मशीनच्या आवाजाला बाईंची हरकत नाही, ते तालात नसतं याला आहे. गेली कित्येक वर्षं मी हे भांडण महिन्यातून एकदा मिटवत आलो आहे.

आज लाल दिवा लावून वर गेलो. बाईंनी विचारलं, "काय म्हणाला तो?" छातीवर लाल दिवा, मी काय करणार. म्हटलं, ते म्हणाले की म्हशीला गळा असता तर ती बरी गायली असती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीशी गेल्या आणि उरलेली कुंडीही पाण्याने भरली. मग खाली जाऊन बाईंचं म्हणणं शिंप्याला जसंच्या तसं सांगितलं. त्यात कात्री, खाटीक आणि शिंप्याचे वडील असं सगळंच होतं. मी निघालो तेव्हा दोघेही वकिलाचा पत्ता विचारत होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आठवडाभर खरं बोललो. हद्दीत हाहाकार आहे.

ज्या दोन जावांना मी हसतखेळत एका ओट्यावर आणलं होतं, त्यांनी ओट्याच्या मधोमध विटा रचल्या. सायकलवाला आणि चपलांचा दुकानदार एकमेकांच्या दारात कचरा टाकतात आणि दोघेही मला सांगतात, तुम्ही म्हणालात म्हणून कळलं हा माणूस माझ्याबद्दल काय बोलतो ते. आज साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "हवालदार, तुमच्या हद्दीत एवढी शांतता असायची. कॅमेरा आल्यावरच असं काय झालं? पूर्वी काही वेगळं करत होता का?"

मी म्हटलं, नाही साहेब, हवा बदलली आहे, लोकांची डोकी तापतात. बोलता बोलता घसा जरा खवखवला. चौकीत धूळ फार आहे.

साहेब म्हणाले की महिनाअखेरपर्यंत हेच चालू राहिलं तर हद्द दुसऱ्याला देऊन मला वाहनतळावर पाठवावं लागेल. गेटवर गाड्या बघायच्या. दादाला कळलं तर पुढच्या लग्नापर्यंत हसेल. आणि माझी हद्द दुसऱ्या कुणाच्या हाती? या माणसांत दुसरा कुणी गेला तर तो नुसते कागद भरेल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

तोड सापडली. इतकी सोपी की स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

कॅमेरा बटण दाबल्यावर चालू होतो ना? मग जे बोलायचं ते बटण दाबण्याआधी बोलायचं.

आज शिंप्याचा फोन आला, एका गिऱ्हाइकाच्या सुटावर कुंडीतला चिखल ओघळला होता. मी आधी जिना चढून बाईंकडे गेलो. दार उघडताच, हिरवा दिवा असतानाच, हळू आवाजात म्हटलं, "बाई, तो खाली डोळ्यांत पाणी आणून बसलाय. म्हणतो, बाईंच्या गाण्यावर माझा हात चालतो आणि त्यांनाच मी टाकून बोललो." मग मान खाली घालून बटण शोधलं, दोनदा दाबलं आणि सरकारी आवाजात विचारलं, "आपली तक्रार काय आहे?" बाई लाल दिव्यासमोर म्हणाल्या की तक्रार काही नाही, कुंड्या आतल्या बाजूला घेते.

खाली आलो. दुकानाच्या पायरीवर हळूच, "बाई म्हणाल्या, वयाने मोठा माणूस, मी त्यांना असं बोलायला नको होतं." बटण, लाल दिवा, तक्रार काय. शिंपी म्हणाला, काही नाही, शिकवणीच्या वेळात मशीन बंद ठेवून हातशिलाई करतो.

कायद्यात राहून काम झालं. घरी आल्यावर हिने विचारलं, आज एवढे खुशीत का? मी म्हटलं, काही नाही, सगळं नियमाप्रमाणे चाललंय. ती म्हणाली, "घसा दाखवून घ्या एकदा डॉक्टरला. हल्ली फार खाकरता."

सोमवार, २४ फेब्रुवारी

ओट्यावरच्या विटा गेल्या. सायकलवाल्याने चपलांच्या दुकानदाराच्या सायकलचं पंक्चर काढून दिलं. साहेब खूश आहेत, वाहनतळाचं नावही काढत नाहीत.

संध्याकाळी कॅमेरा खोबणीत ठेवायला गेलो तर नियमावली कानाला हेडफोन लावून कुणाचं तरी चित्रण तपासत बसली होती. मला पाहून हेडफोन काढला. म्हणाली, "भाऊ, माणसापेक्षा या कॅमेऱ्याची आठवण जरा जास्त असते, बरं का." मी म्हटलं, असणारच, नवीन आहे. तिने समोरचं चित्रण थांबवलं. मग विचारलं, "माझी सासू आणि मी, आमच्याकडे कधी याल का?" मी म्हटलं, तक्रार असेल तर रीतसर द्या. तिने हेडफोन पुन्हा कानाला लावला. बाईमाणसाला विनोद कळत नाही असं नाही, पण हिला नियमात बसेल एवढाच कळतो.

रविवार, २ मार्च

सुट्टी. दुपारी दादाचा फोन आला, हिने घेतला. मला खूण करून विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, सांग, तो समोर येऊन माफी मागेल तेव्हा बघू. तोपर्यंत मला त्याचं तोंड बघायचं नाही.

ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. एवढंसं सांगायला फार वेळ लागला. मधे हसण्याचा आवाजही आला. बाहेर आल्यावर खिडकीकडे तोंड करून वाळलेले कपडे घडी घालू लागली. मी विचारलं, सांगितलंस का? म्हणाली, "सांगितलं." मग म्हणाली, "दादांना फार वाईट वाटलं. म्हणाले, त्याच्या कोटाबद्दल मी एक शब्द बोललो नाही, तो किती शोभत होता त्याला."

दादाला कोट दिसला होता तर. मला वाटलं होतं त्याच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या भावाला इतक्या उशिरा अक्कल येतेय याचं मला खरंच बरं वाटलं, आणि ही बिचारी प्रत्येक शब्द लक्षात ठेवून मला सांगते, याचंही.

शुक्रवार, १४ मार्च

माझ्या तोंडचं पाणी पळालं आहे.

आज शिंपी चौकीत आला. केस चापूनचोपून बसवलेले, अंगात स्वतःच शिवलेला नवा शर्ट. साहेबांना म्हणाला की त्या दिवशी बाईंनी माझी माफी मागितली, ती मला एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायची आहे. कॅमेऱ्यात असेल ना? चौकीच्या दारावर लावलेल्या कागदावर लिहिलंय की ज्याचं चित्रण आहे त्याला ते बघता येतं.

साहेब म्हणाले, अर्थातच. नियमावली म्हणाली, कलमाप्रमाणे त्यात दुसरी व्यक्ती असेल तर तिचीही संमती लागेल. मला वाटलं, सुटलो, बाई कशाला येतात. चौकीतूनच बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, मी पण येते. मला त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघायचं आहे.

पुढच्या गुरुवारी दोघांना बोलावलं आहे. साहेबांना हे इतकं आवडलं की ते स्वतः बसणार आहेत. चित्रणात बाईंची माफी नाही आणि शिंप्याचे डोळेही नाहीत, दोघे माझ्यासमोर कुंड्या आणि मशीनबद्दल बोलतात एवढंच आहे. मग ते विचारणार, माफी कुठाय? मी म्हणेन, बटण दाबण्याआधी मागितली. त्याला पुरावा काय? आणि एकदा या दोघांचा विश्वास उडाला की ओट्यावरच्या जावा विचारतील, सायकलवाला विचारेल. अख्ख्या हद्दीत मी आजवर जे जोडलंय त्याचा एकेक टाका उसवेल.

शनिवार, १५ मार्च

धीर करून नियमावलीकडे गेलो. म्हटलं, ताई, त्या चित्रणाचं काही करता येईल का? म्हणजे हरवतं वगैरे का? ती म्हणाली, पुसता येत नाही, आणि पुसायला सांगणं हा गुन्हा आहे. मी म्हटलं, मी पुसा असं कुठे म्हणालो, मी नुसतं विचारलं. तिने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. तिचा लाल दिवा चालू होता.

मग दिवा हिरवा केला आणि हळूच म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी कंपनीचा माणूस काय सांगत होता ते ऐकलं नव्हतंत ना? बटण दाबलं की कॅमेरा आधीचं अर्धं मिनिटही ठेवतो. आवाजासकट. तुमची सगळी अर्धी मिनिटं मी ऐकली आहेत."

मी तिथल्या बाकावर बसलो. नियमावलीने पाणी आणून दिलं. मी विचारलं, मग साहेबांना सांगितलं का नाही? म्हणाली, आपणहून सांगावं असा नियम नाही.

मंगळवार, १८ मार्च

ताप आणायचा प्रयत्न केला. आला नाही. हिला म्हटलं, अंग मोडून आलंय, गुरुवारी रजा घ्यावी म्हणतो. हिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "घसा सोडला तर तुम्हाला काहीही झालेलं नाही."

गुरुवार, २० मार्च

झालं.

साहेबांच्या खोलीत पडदा. शिंपी एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला, मधे साहेब. मी दाराशी, पळायला सोपं पडावं म्हणून नाही, पण दाराशी. नियमावलीने चित्रण लावलं.

पडद्यावर जिना हलत होता. मग बाईंचं दार उघडलं, बाईंचा कपाळाला आठ्या घातलेला चेहरा आणि माझा आवाज. आधी दोनदा खाकरण्याचा आणि मग, बाई, तो खाली डोळ्यांत पाणी आणून बसलाय. आपण खोटं बोलताना आपला आवाज इतका मऊ होतो हे मला माहीत नव्हतं. खोलीत शिंपी ताडकन उठून उभा राहिला. "मी? डोळ्यांत पाणी? मी तर कुंडी फोडायला हातोडा शोधत होतो." नियमावली म्हणाली, बसा, अजून संपलेलं नाही.

पुढे पडद्यावर जे होतं ते मी कधीच पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा मी मान खाली घालून बटण शोधत होतो. बाईंच्या आठ्या गेल्या होत्या. त्या खिडकीकडे वळल्या होत्या आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणत होत्या, "खरं तर मशीन बंद असलं की मलाच करमत नाही." मग माझा सरकारी आवाज आला, आपली तक्रार काय आहे, आणि बाई पुन्हा कडक झाल्या.

शिंपी खाली बसला.

दुसरं चित्रण लागलं. पायरी, दोनदा खाकरणं, मग माझा मऊ आवाज, बाई म्हणाल्या, वयाने मोठा माणूस. खोलीत बसलेल्या बाई म्हणाल्या, मी असलं काही बोललेच नाही, माझा शब्द कात्री होता. पडद्यावर शिंप्याने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, वर छताकडे पाहिलं, भिंतीवरच्या आरशात बघून केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "एवढं बोलल्या बाई?" मी अर्थातच बटण शोधत होतो.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. शिंपी आणि बाई एकमेकांकडे बघत नव्हते, पण न बघण्याचीही एक तऱ्हा असते, तशी ती होती. मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं आणि बाई म्हणाल्या, "हवालदार, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला फसवत होता?"

शिंपी म्हणाला, "दोघांनाही."

शुक्रवार, २८ मार्च

शिंपी आणि बाईंनी माझ्याविरुद्ध संयुक्त तक्रार दिली आहे. मजकूर बाईंचा, अक्षर शिंप्याचं. एकाच कागदावर दोघांच्या सह्या. ती लिहायला दोघे तीन वेळा एकत्र बसले, हे साहेबांनी मला मुद्दाम सांगितलं आणि का सांगितलं ते कळलं नाही. या दोघांसाठी मी एवढे जिने झिजवले आणि शेवटी ते एक झाले ते माझ्यावरच उलटायला. कृतघ्नपणाला काही मर्यादा असते.

आज तिकडून गेलो तर वर शिकवणी चालू होती आणि खाली मशीनही चालू होतं. कानोसा घेतला. मशीन तालात होतं. माझ्याकडे मात्र दोघांनीही पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, "तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण तक्रार आली आहे, काहीतरी करावं लागेल." सोमवारपासून तीन महिने बाजारामागच्या वाहनतळावर. हद्द नियमावलीकडे. ती पाठवणी करायला दारापर्यंत आली आणि म्हणाली, "लोकांशी कुठल्या आवाजात बोलता तेवढं शिकवून जा." माझे डोळे भरून आले, हे लिहायला हरकत नाही.

घरी हिला काहीच सांगितलं नाही. म्हटलं, महत्त्वाच्या ठिकाणी विशेष नेमणूक झाली आहे. ही म्हणाली, "बरं झालं. टोपी घालत जा, उन्हाचं काम दिसतंय." विशेष नेमणूक उन्हातच असते हे तिला कसं कळलं कोण जाणे.

रविवार, ६ एप्रिल

आज सकाळपासून गाड्यांची रांग. डावीकडे घ्या, अजून मागे, थांबा. छातीवर लाल दिवा, कारण वाहनतळावर तो सतत चालूच ठेवायचा हुकूम आहे. इथे आधी-नंतर असं काही नाही.

एक जुनी निळी गाडी आत आली. मी हाताने मागे घ्यायला लावली, सरळ करून घेतली, चाक रेषेच्या बाहेर होतं म्हणून परत काढायला लावली. काच खाली झाली. आत दादा.

पळून जावं असं वाटलं, पण मागे दोन गाड्या उभ्या होत्या. दादा उतरला. माझ्याकडे, माझ्या शिट्टीकडे, हातातल्या काठीकडे पाहिलं. आता हसणार, असं मला वाटलं. हसला नाही.

म्हणाला, "तू म्हणालास म्हणे, दादाच्या मनात काही नव्हतं, मीच कोटाच्या तोऱ्यात होतो. तुझी बायको म्हणाली, तू रात्री झोपेतही मला हाक मारतोस. मग मला घरी बसवेना. तिनेच सांगितलं तू इथे आहेस."

मी असलं काही कधीही बोललो नव्हतो. तोरा हा शब्द तर मी वापरतही नाही. तोंड उघडलं होतं, मी कधी म्हणालो, असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दादाचा चेहरा पाहिला. त्या पडद्यावर बाईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या ना, अगदी तसा. या वेळी मला बटण शोधायचं नव्हतं, म्हणून तो दिसला.

लाल दिवा चालू होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हो दादा. म्हणालो होतो."

मग मीही विचारलं, "आणि तू म्हणालास ना, मला गेटवर उभं करायला नको होतं? आणि कोट शोभत होता असंही?"

दादा गोंधळला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुठेतरी दूर गाड्यांच्या टपांकडे. त्यानेही दोनदा घसा साफ केला. "म्हणालो होतो बहुतेक," म्हणाला. बाबा असेच खाकरायचे, कुठे उशीर झाला ते आईला सांगताना. मला एकदम हसू आलं आणि का ते दादाला न विचारता कळलं असावं, कारण तोही हसायला लागला. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. दादा म्हणाला, काठी दे इकडे, आणि ती मागची गाडी दादानेच आत घेतली. मागे, अजून मागे, अहो दिसत नाही का. तो जेवायच्या वेळेपर्यंत गेटवर माझ्याबरोबर उभा होता. त्याला गाड्यांचं काहीही कळत नाही. दोन गाड्यांचे आरसे लागले.

संध्याकाळी घरी आलो. ही फडताळात भांडी लावत होती, पाठमोरी. म्हणाली, "भेटले का दादा?" मी म्हटलं, भेटला. पुढच्या रविवारी त्याने जेवायला बोलावलंय, आपल्या दोघांनाही. दादा खरंच ते सगळं म्हणाला होता का, असं मी हिला विचारलं नाही. तिच्या पाठीकडे बघत राहिलो. इतके दिवस निरोप सांगताना ही कायम पाठमोरीच असायची, हे आज ध्यानात आलं. हिच्या छातीवर तर कॅमेराही नव्हता.

आपल्यालाही काहीतरी द्यायला हवं असं मला फार वाटलं. मी खिडकीशी गेलो, बाहेर बघत उभा राहिलो आणि म्हटलं, "वहिनींनी निरोप दिलाय दादाजवळ. म्हणाल्या, लग्नात सगळं घर तिने सांभाळलं आणि मी तिला साधं थांब म्हटलं नाही, त्याची चुटपुट अजून जात नाही."

मागे भांड्यांचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं तर ही माझ्याकडे तोंड करून उभी होती, हातात फडकं, डोळे भरलेले आणि ओठ हसू दाबत असलेले.

म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा. पण या वेळी न खाकरता."